ढवळ्याशेजारचा पवळ्या

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि सातवी-आठवीत गेलेल्या मुलाच्या संगतीविषयी घरात काळजी उत्पन्न झाली की वडीलधाऱ्यांच्या तोंडी ती हटकून येते. पण या म्हणीतल्या ‘बांधला’ या क्रियापदाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. बैलाने कोणाशेजारी उभे राहावे हे बैल ठरवीत नाही. दावणीतली जागा धनी ठरवतो. बारा-तेरा वर्षांचे मूल मात्र आपला शेजार आपण निवडते, बहुधा आपल्यासारख्यालाच निवडते, आणि एकदा निवडल्यावर त्या शेजाराच्या वळणाने आणखी थोडे वळते. डेनिस कँडेल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विदुषींनी न्यूयॉर्क राज्यातील शाळकरी मित्रांच्या जोड्यांची वर्षारंभी आणि वर्षअखेरीस पाहणी करून १९७८ साली असे दाखवून दिले की मित्रामित्रांत जे साम्य दिसते, त्यात निवडीचा वाटा आणि नंतर पडणाऱ्या प्रभावाचा वाटा जवळजवळ सारखाच असतो. ‘त्याच्या नादी लागून आमचा बिघडला’ असे एका घरातली आई ज्या कळवळ्याने सांगत असते, त्याच कळवळ्याने त्याच वेळी दुसऱ्या घरातली आई तेच सांगत असते, आणि दोघींच्याही सांगण्यात अर्धे सत्य असते. याचा अर्थ एवढाच की आपले मूल हे केवळ पवळ्या नसून कोणा दुसऱ्याच्या मुलाचा ढवळ्याही आहे. आणि सोबत्यांच्या दबावाविषयी कुमारवयातील मुलांना काही शिकवायचे असेल, तर ते या दुसऱ्या बाजूपासून शिकवावे, असे माझे मत आहे.

हा दबाव नेमका याच वयात इतका का वाढतो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. दहाव्या वर्षापर्यंत मुलाच्या जगाचे दफ्तर आईवडिलांच्या ताब्यात असते; चांगले कोणते, वाईट कोणते, भ्यावे कशाला आणि हसावे कशाला, याचे निवाडे तेथेच होतात. अकराव्या-बाराव्या वर्षापासून हे दफ्तर हळूहळू सोबत्यांच्या कचेरीत जाऊ लागते, आणि त्यात मुलाचा कृतघ्नपणा नसतो. कारण पुढचा संसार, पुढचा धंदा, पुढची मैत्री आणि पुढचे वैर ही सर्व त्याला आपल्याच पिढीशी करावयाची असतात, आणि त्या पिढीत आपल्याला जागा आहे की नाही हा त्याच्यापुढचा सर्वांत निकडीचा प्रश्न असतो. फिलाडेल्फियातील टेंपल विद्यापीठात मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी ३०६ जणांना संगणकावर मोटार चालवण्याचा एक खेळ खेळावयास दिला होता. पिवळा दिवा लागल्यावर गाडी जितकी पुढे न्यावी तितके गुण अधिक, पण भिंत आडवी आली तर सारेच जाणार, असा तो खेळ होता. २००५ साली त्यांनी जे निष्कर्ष प्रसिद्ध केले त्यांत असे दिसले की १३ ते १६ वर्षांची मुले एकटी खेळत तेव्हा प्रौढांपेक्षा फारसे अधिक धाडस करीत नसत; मात्र त्यांच्याच वयाचे दोघे सोबती शेजारी येऊन बसले की त्यांचे धाडस एकदम वाढे, आणि प्रौढांच्या बाबतीत असा फरक जवळजवळ पडत नसे. पुढे २०११ साली त्याच विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या तपासण्यांनी हेही दाखवले की मित्र शेजारच्या खोलीतून पाहत आहेत एवढ्या जाणिवेने कुमारवयीन मुलाच्या मेंदूतील सुखाची अपेक्षा चेतवणारे भाग अधिक जागे होतात. आपण ज्याला दबाव म्हणतो तो पुष्कळदा उच्चारलेला नसतो, हे येथे ध्यानात घ्यावे. कोणी आग्रह करीत नाही, कोणी धमकी देत नाही. कोणीतरी पाहत असते, एवढेच पुरते.

मुलांशी या विषयावर बोलताना आरंभ कोठून करावा, असे मला कोणी विचारले तर मी राजकोटच्या शाळेपासून करावा असे सांगेन. हायस्कुलातील पहिल्याच वर्षी मोहनदास गांधी नावाच्या विद्यार्थ्याच्या वर्गावर जाइल्स नावाचे इन्स्पेक्टर तपासणीस आले, आणि त्यांनी मुलांना पाच इंग्रजी शब्द लिहावयास घातले. त्यांतला ‘केटल’ हा शब्द मोहनदासाने चुकीचा लिहिला. मास्तरांनी बुटाच्या टोकाने खुणावले की शेजाऱ्याच्या पाटीवरून पाहून दुरुस्त कर. पण मास्तर तेथे नक्कल होऊ नये म्हणून उभे आहेत अशी त्याची समजूत असल्याने ती खूण त्याला कळलीच नाही. सबंध वर्गाचे पाचही शब्द बरोबर निघाले, आणि एकटा तोच मूर्ख ठरला. आत्मकथेत गांधींनी ही हकीकत सांगितली आहे ती आपल्या शूरत्वाचा दाखला म्हणून नव्हे. तरी वर्गात ती सांगितली की मुले एकदम सावध होतात, असे दिसते. कारण सबंध वर्ग बरोबर आणि आपण एकटे चूक, ही लाज त्यांच्यापैकी प्रत्येकाने कोठे ना कोठे भोगलेली असते.

मात्र तेवढ्यावर थांबणे म्हणजे मुलांची फसवणूक होय. ज्या मुलाने पाटीवरून नक्कल केली नाही, तोच मुलगा पुढे थोड्या वर्षांनी एका मित्राच्या आग्रहाने नदीकाठच्या एकांतात जाऊन घरच्यांना चोरून मांस खाऊन आला, हेही त्याच आत्मकथेत आहे, आणि ते तितक्याच तपशिलाने सांगितले पाहिजे. हा मित्र धिप्पाड, चपळ, निर्भय; मोहनदास अंधाराला, सापाला, चोराला भिणारा, दिव्यावाचून झोप न येणारा. ज्याची आपल्यात उणीव आहे ते ज्याच्यापाशी विपुल आहे, त्याच्याकडे मन ओढ घेते. ही ओढ अत्यंत स्वाभाविक आहे, आणि तिच्याबद्दल मुलाला दोष देणाऱ्या मोठ्या माणसाने आपले तेरावे वर्ष आठवून पाहावे. त्या मित्राचा युक्तिवाद कसा होता हे तर मुलांना फळ्यावर लिहून दाखवण्यासारखे आहे. आपले अमुक मास्तर गुपचूप मांस खातात, राजकोटमधले तमुक मोठे लोक खातात, हायस्कुलातली काही मुलेही खातात, अशी नावांची यादी त्याने प्रथम पुढे केली. मग इंग्रज बलवान आहे तो मांसाहारामुळे, म्हणून देश सुधारावयाचा तर आपणही खाल्ले पाहिजे, असे थोर कारण त्याला जोडले. आणि शेवटी स्वतःच्या बळाचा नमुना समोर ठेवला. सगळेच करतात, करण्यात काहीतरी मोठेपण आहे, आणि माझ्याकडे पाहा: आज टपरीमागे उभ्या असलेल्या आठवीच्या मुलापुढे माव्याची पुडी धरणारा सोबती याहून निराळे काही बोलत नाही.

आई, मोठा भाऊ आणि पत्नी या तिघांनीही त्याला त्या मित्राविषयी बजावले होते. त्याने उत्तर दिले ते असे की त्याचे दोष मला ठाऊक आहेत, मी त्याला सुधारणार आहे. मी त्याला सुधारीन हा भ्रम कुमारवयातील सद्‌गुणी मुलांच्या वाट्याला विशेष येतो, आणि वाईट मुलांशी बोलू नकोस या उपदेशापेक्षा या भ्रमाची ओळख करून देणे मला अधिक उपयोगाचे वाटते. सुमारे वर्षभरात अशी पाच-सहा जेवणे झाली. ज्या दिवशी असे जेवण होई त्या दिवशी घरी आईने जेवावयास बोलावले की भूक नाही, पचन बिघडले आहे, असे काही तरी सांगावे लागे. आणि हे आईशी खोटे बोलणेच अखेर त्याला असह्य झाले. मांसाहाराच्या बाजूचा युक्तिवाद त्याला तेव्हा खोटा वाटू लागला नव्हता. आईवडिलांना फसवणे हे मांस न खाण्याहून वाईट, एवढाच निवाडा त्याने केला आणि ती जेवणे बंद केली.

हा निवाडा मुलांना शिकवण्यासारखा आहे, आणि मी तर म्हणेन की चांगला दबाव कोणता व वाईट कोणता हे ओळखण्याची याहून सोपी कसोटी मला ठाऊक नाही. घातक पदार्थांची, घातक खेळांची, घातक मित्रांची यादी मुलांना देऊन उपयोग होत नाही. कारण यादीत नसलेले काही तरी नवे उद्या निघतेच. त्याऐवजी प्रश्न द्यावेत. हे करण्यासाठी मला घरी काही लपवावे लागते काय? मी नाही म्हटले तर उद्या मधल्या सुट्टीत डबा खायला मला या कोंडाळ्यात जागा राहील काय? आणि या गमतीची किंमत कोण देतो, आम्ही सर्व की एखादा दुबळा मुलगाच? ज्या कंपूत वेगळे मत असलेल्याला वाळीत टाकले जाते, ज्या हसण्यासाठी रोज एकाच मुलाचे डोळे भरून येतात, तेथील कृत्य वरवर कितीही निरुपद्रवी दिसले तरी ते वाईट होय. उलट, भिंतीवरून उड्या मारण्यात किंवा भर पावसात फुटबॉल खेळण्यात घरच्यांना जो वाईटपणा दिसतो, तो बहुधा कपड्यांच्या चिखलापुरताच असतो.

चांगल्या दबावाकडे आपले लक्ष जात नाही याचे कारण तो तक्रार घेऊन कोणाच्या दारी येत नाही. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) या पुस्तकात पोहायला न जाता लपून बसलेल्या श्यामला आईने मारून विहिरीवर पाठवले, ते लोकांनी त्याला भित्रा म्हणू नये म्हणून. इतर मुले पोहतात या गोष्टीत जे बळ होते, त्याचा त्या माउलीने उपयोग करून घेतला. माराचे समर्थन आज कोणी करणार नाही, पण ते बळ तिने बरोबर ओळखले होते. खेड्यातली मुलगी सातवीनंतर शेजारच्या गावच्या हायस्कुलात जाणार की नाही, हे पुष्कळदा तिच्या हुशारीपेक्षा यावर ठरते की त्याच रस्त्याने आणखी तिघी-चौघी सायकलवरून जातात काय. त्या चौघी तिला ‘चल’ म्हणतात तो दबावच आहे, आणि त्याच्या जोरावर वडिलांचा नकारही कधी कधी मावळतो. मात्र चांगल्या गोष्टीचा दबाव म्हणून तो सदैव चांगलाच असे समजू नये. गुणांच्या टक्केवारीवरून एकमेकांची प्रतवारी लावणारा हुशार मुलांचा कंपूही मूल पोखरू शकतो. अभ्यासाच्या नावाखाली चालणाऱ्या त्या तगाद्याला आपण सहसा दबाव म्हणत नाही, ही आपली चूक आहे.

आता त्या ‘सगळेच करतात’ या वाक्याकडे वळू, कारण सारा किल्ला या एका वाक्याच्या पायावर उभा असतो. भारतात २०१९ साली झालेल्या चौथ्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. हा आकडा लहान नाही, आणि त्यामागे पुष्कळ घरांचे दुःख आहे. पण साठ मुलांच्या वर्गात तो पाचांच्या आसपास जातो. पंचावन्न मुले तंबाखूला शिवत नाहीत, आणि तरीही त्या पंचावन्नांतल्या कित्येकांना असे वाटत असते की आपणच काय ते मागे राहिलो. कारण पाच जणांचे करणे दिसते, त्याच्या गोष्टी होतात, त्याच्या बढाया मधल्या सुट्टीत ऐकू येतात. पंचावन्न जणांचे न करणे कोणालाच दिसत नाही. प्रत्येक जण मनातून नाराज, आणि प्रत्येकाची समजूत अशी की नाराज मी एकटाच. या स्थितीवर एक अत्यंत साधा इलाज वर्गात करता येतो. मुलांना नाव न घालता दोन ओळींची चिठ्ठी लिहावयास सांगावी: पहिल्या ओळीत, अमुक गोष्ट मी करतो की नाही; दुसऱ्या ओळीत, वर्गातली किती मुले ती करीत असतील असा माझा अंदाज आहे. चिठ्ठ्या डब्यात गोळा करून मुलांच्याच हातून मोजणी करवावी आणि दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. ती मोजणी होत असताना शिक्षकाने एक शब्दही बोलू नये. एखाद्या वर्गात पहिला आकडाच मोठा निघाला, तर तोही लपवू नये. मात्र अशा वर्गात त्या तासापुरते फळ्यावरचे काम थांबवून मुलांशी निराळे बोलणे भाग आहे.

या विषयावरचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग सॉलोमन ॲश यांचा. १९०७ साली वॉर्सा येथे जन्मलेले आणि १९२० मध्ये अमेरिकेत गेलेले हे मानसशास्त्रज्ञ पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर महाविद्यालयात अध्यापन करीत. त्यांनी तरुणांना गटागटाने बसवून एका पत्त्यावरची रेघ दुसऱ्या पत्त्यावरच्या तीन रेघांपैकी कोणत्या रेघेएवढी आहे, असा अगदी सोपा प्रश्न विचारला. गटातला एक सोडून बाकी सर्व जण आधीच फितवलेले होते, आणि अठरांपैकी बारा वेळा ते एकमुखाने धडधडीत चुकीचे उत्तर देत. एकट्याने उत्तरे द्यावयाची असता शंभरातून एकदाही चूक होत नसे. पण या एकमुखी चुकीपुढे अशा प्रसंगांतील सुमारे ३७ टक्के उत्तरे चुकीच्या बाजूला गेली. हे सर्व महाविद्यालयीन विद्यार्थी होते, तेव्हा सातवीच्या मुलाने चारचौघांत मान डोलावली तर त्यात नवल कसले? सुमारे एक चतुर्थांश तरुण मात्र एकदाही ढळले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. परंतु मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ॲश यांनी केलेला पुढचा फेरफार. गटात फक्त एक मनुष्य त्यांनी असा बसवला की जो खरे उत्तर देई. आणि तेवढ्याने चुकीच्या बाजूला जाणारी उत्तरे एक चतुर्थांशावर आली. विरोधात किती माणसे आहेत यापेक्षा आपल्या बाजूला एक तरी आहे की नाही, याला अधिक महत्त्व आहे, असा त्याचा अर्थ होतो.

हा प्रयोग सातवी-आठवीच्या वर्गात चार पेन्सिलींनी सहज करून दाखवता येतो, मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे: ज्याला फसवावयाचे तो वर्गात आधीच दबलेला मुलगा नसावा. त्याचा वर्गात दरारा असावा, त्याला नंतर स्वतःच्याच गोंधळाविषयी मोकळेपणाने बोलता यावे, आणि आपण का मान डोलावली हे त्यानेच वर्गाला सांगावे. दांडग्या मुलाच्या तोंडून ‘मला वाटले माझेच काही चुकत असेल’ हे वाक्य बाहेर पडले म्हणजे जे काम होते, ते दहा व्याख्यानांनी होत नाही.

व्याख्यानांचा अनुभव तर जगाने घेऊन झाला आहे. १९८३ साली लॉस एंजलिस येथे ‘डेअर’ नावाची योजना निघाली. गणवेशातले पोलीस अधिकारी वर्गावर येऊन अमली पदार्थांना नाही म्हणावयास शिकवीत, आणि ती अमेरिकेभर पसरली. पुढे ज्या पाहण्या झाल्या त्यांत तिचा परिणाम नगण्य असल्याचे पुन्हा पुन्हा दिसून आले. बिघडण्याच्या वाटेवर असलेल्या मुलांना वेगळे काढून एकत्र सुधारण्याचा मार्ग तर याहून वाईट ठरला. थॉमस डिशियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली नोंदवले आहे की अशा गटांत मुले एकमेकांच्या वात्रटपणाला हसून दाद देतात, आणि तीच त्यांची शाळा होते. याउलट इंग्लंड आणि वेल्समधील ५९ शाळांत बारा-तेरा वर्षांच्या मुलांनाच विचारले गेले की तुमच्यात कोणाचा शब्द चालतो. ज्यांची नावे आली त्यांना शाळेबाहेर दोन दिवस प्रशिक्षण देऊन, पुढचे दहा आठवडे मित्रांशी गप्पा मारता मारता धूम्रपानाचा विषय काढण्याची मुभा दिली, आणि त्या शाळांत धूम्रपानाकडे वळणाऱ्या मुलांचे प्रमाण इतर शाळांपेक्षा कमी राहिले, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील न्यू जर्सीच्या ५६ शाळांत एलिझाबेथ पलक यांनी मुलांमुलांतल्या भांडणांच्या बाबतीत मुलांनाच पुढे करून याच धर्तीचा प्रयोग केला, आणि त्या योजनेच्या शाळांत भांडणांच्या शिस्तभंग-नोंदी वर्षभरात २५ टक्क्यांनी घटल्या. निवड शिक्षकांच्या लाडक्या विद्यार्थ्यांची नव्हती, हे येथील मर्म आहे. आपल्याकडे मॉनिटर नेमण्याचा जो शिरस्ता आहे, तो याच्या नेमका उलट आहे. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात ‘साथिया’ म्हणून गावोगावची मुले-मुली निवडण्याची तजवीज झाली आहे. ती निवड मुलांच्या मनातून होते की वहीतल्या नोंदीपुरती, यावर तिचे सारे फळ अवलंबून राहील.

उरला प्रश्न शब्दांचा. मनात नकार असूनही तो ओठांवर येत नाही, कारण ‘घाबरट’, ‘आईचं बाळ’, ‘भाव खातो’ या शब्दांना त्या क्षणी द्यावयाचे उत्तर मुलाजवळ तयार नसते. ते उत्तर आधी घोकून ठेवावे लागते, पाढ्यांसारखे. मुलांनाच आपापसांत नाटुकली करू द्यावीत आणि त्यांच्या बोलीतले नकार त्यांनाच शोधू द्यावेत. ‘मला नको, तू चल ना नेट्समध्ये, बॉल मी आणलाय’ हे एखाद्या मुलाने सुचवलेले वाक्य कोणत्याही पुस्तकातल्या बाणेदार उत्तरापेक्षा सरस असते, कारण त्यात नकारही आहे आणि मैत्रीही शाबूत आहे. प्रत्येक नाटुकल्यात मात्र एक तिसरे पात्र अवश्य ठेवावे: जो आग्रह करीत नाही, ज्याला आग्रह होत नाही, जो नुसता शेजारी उभा आहे. त्याने काय म्हणावे, हा खरा धडा. ‘मी पण नाही’, या तीन शब्दांहून अधिक त्याने काही बोलण्याची गरज नसते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एखाद्या मुलीचे विद्रूप केलेले चित्र फिरू लागले असता कोणी एकाने ‘हे काढ’ एवढे दोनच शब्द टाकले, तरी गप्प बसलेल्या आणखी चौघांना आपण एकटे नाही हे कळते.

ॲश यांनी आपल्या प्रयोगाचे आणखी दोन प्रकार करून पाहिले होते, आणि शिक्षकांच्या खोलीत ते फारसे कोणी सांगत नाही. पहिल्या प्रकारात खरे उत्तर देणारा सोबती सहा वेळा खरे बोलून सातव्या वेळी बहुमताला जाऊन मिळाला. त्याच क्षणी एकट्या पडलेल्याच्या चुका एकदम वाढल्या. सहा वेळा त्याच्यासह ताठ उभे राहिल्याचा काहीही लाभ उरला नाही. दुसऱ्या प्रकारात तो सोबती बदलला नाही. डीनकडे काम आहे असे सांगून तो खोलीतून उठून गेला. त्याच्या जाण्यानंतरही चुका काहीशा वाढल्या, पण पहिल्या प्रकाराइतक्या नव्हे. खुर्ची रिकामी होती, तरी तिच्यावर बसून गेलेल्याचा आधार मागे राहिला होता. वडिलांची बदली झाली म्हणून वर्ष संपण्यापूर्वीच दाखला घेऊन परगावी गेलेला एखादा मुलगा प्रत्येक शाळेत असतो. त्याच्या बाकावर पुढे दुसरे कोणी बसते, आणि शेजारचा मुलगा मधल्या सुट्टीत टपरीपर्यंत सगळ्यांबरोबर जातो, पुडी पुढे आली की हात खिशात ठेवतो.